अण्णांचा सोमवार

धाकटी बालवाडीतून आली, दप्तर कोपऱ्यात फेकलं, न सांगता हात धुतले (इथंच मला संशय यायला हवा होता) आणि ताटापुढे मांडी घालून, डोळे घट्ट मिटून, हात जोडून सुरू झाली, "वजनी कवळ घेता..." पुढच्या ओळी येत नव्हत्या, पण चाल पक्की होती. त्या चालीवर तिनं सुचतील ती अक्षरं बसवली आणि 'यज्ञकर्म'ला मात्र अचूक पोचली. वाट चुकलेली एसटी शेवटी बरोबर स्टँडात लागावी तशी.

मोठा आठ वर्षांचा आहे. त्याला हा श्लोक शेजारच्या मित्राकडून ऐकून ठाऊक. म्हणाला, "आई, त्यातलं 'फुकाचे' म्हणजे फुकट ना?"

"हो."

"मग ठीक आहे."

आमच्या घरात देवघर नाही. त्यावरून भांडण नाही की मिरवणं नाही. नाही, एवढंच. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं स्वयंपाकघरात देवासाठी कोनाडा काढून दिला होता, त्यात मिक्सर बसतो. सासूबाई आल्या की त्याच्याकडे बघून उसासा टाकतात, आणि खंडेनवमीला असल्या तर त्याला झेंडूचं एक फूल वाहतात. मिक्सरही यंत्रच, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही.

"आपण जेवायच्या आधी काय म्हणतो?" धाकटीनं डोळे उघडून विचारलं.

मी विचार केला. "हात धुतले का, म्हणतो."

"ते तू म्हणतेस. *आपण* काय म्हणतो?"

नवऱ्याला असल्या प्रश्नांचा भारी उत्साह. रात्री त्यानं जाहीर केलं की आपण रोज जेवणाआधी शेतकऱ्याचे आभार मानायचे. पहिल्या रात्री छान झालं. दुसऱ्या रात्री धाकटीला वाटलं की बाकीच्यांवर अन्याय होतोय. मग भाजीवाल्या मावशींचे आभार, सिलिंडरवाल्या दादाचे आभार, कुकरचे, कुकरच्या शिट्टीचे. तिसऱ्या रात्री भेंडी होती, तर मोठा म्हणाला, या शेतकऱ्याचे आभार मी अजिबात मानणार नाही. बराच वाद झाला. वरणावर पापुद्रा धरला. चौथ्या दिवशी कुणी विषय काढला नाही, मीही नाही.

तसं पाहिलं तर विधींना आमच्याकडे तोटा नाही. भाताची मूद वाटीनंच पडली पाहिजे. तिच्या मधोमध बोटानं खड्डा, खड्ड्यात वरण, ते झालं तळं. तळ्याचा बांध फुटला की रडारड, आणि मग नवीन मूद. माझं स्वतःचं म्हणाल तर चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. कुणी उलटं वाढलं तर मी गुपचूप ताट फिरवून घेते, आणि मग मीठ खाली येतं म्हणून पुन्हा सरळ करते. देव मानत नाही, पण ताटाची डावी बाजू मानते. का, ते विचारू नका.

आणि काऊ-चिऊ. काऊचा घास, चिऊचा घास, माऊचा, समोरच्या बिल्डिंगमधल्या भूभूचा. माहेरी शेजारी एक काका होते, ते जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून भाताचे इवलेसे घास बाहेर मांडायचे. चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला... आणि शेवटी 'सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः'. तो शेवटचा घास भुतांचा, अशी माझी खात्री होती. भूत येतं कधी ते बघायला मी त्यांच्या दारात उभी राहायचे. यायच्या मुंग्या. आमच्याकडे चित्रगुप्त नाही, पण काऊ आल्याशिवाय या घरात एकही वरणभात संपलेला नाही. फरक इतकाच की काऊचा घास शेवटी धाकटीच्या पोटात जातो.

पण मला सांगायचं होतं ते अण्णांचं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. साताऱ्याला शाळेत मास्तर, सेवा दलातले. घरात देव होते, ते आजीचे. अण्णा त्यांच्या वाटेला जात नसत. तरीही अण्णांना सोमवार होता. १९६५ साली एकीकडे युद्ध आणि दुसरीकडे धान्याची टंचाई, अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाकडे डोळे लागलेले. तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. सोमवारी संध्याकाळी हॉटेलंसुद्धा बंद राहू लागली. अण्णांनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडलं. पुढच्याच जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला वारले. काही वर्षांनी गहू मुबलक झाला, हॉटेलं तर कधीच उघडली होती, लोक विसरून गेले. अण्णांचं चालूच. कुणी म्हणालं, "मास्तर, आता पुरे की," तर म्हणायचे, "ज्यानं धरायला सांगितलं तो गेला. आता सोडा म्हणून सांगणार कोण?"

गल्लीत मात्र सगळ्यांची खात्री की मास्तरांना महादेव पावला. अण्णांना याचा संताप यायचा. शास्त्रीजींचा आहे, शास्त्रीजींचा, असं ते ओट्यावरून ओरडून सांगायचे. लोक मान डोलावायचे. असेल, असेल.

आजीचाही सोमवार होता, तो मात्र खरोखर शंकराचा. दिवसभर उपास, आणि दिवेलागणीला जेवून सोडायचा. म्हणजे दुपारी अण्णा जेवायचे तेव्हा आजी उपाशी, आणि रात्री आजी जेवायची तेव्हा अण्णा उपाशी. एक घर, एक वार, दोन उपास, आणि ते इतक्या चोखपणे एकमेकांना चुकवणारे की ठरवूनसुद्धा जमलं नसतं.

सुट्टीत गेले की मी हे दोन्ही बघायचे. दुपारी आजी अण्णांसमोर शेंगा फोडत बसलेली असायची. भाकरी संपत आली की न विचारता दुसरी टाकायची आणि मधूनच एक दाणा तोंडात. संध्याकाळी पाट तिचा आणि वाढायला अण्णा. त्यांना वाढायचं भान नव्हतं. तूप अर्धी वाटी ओतायचे.

"अहो, पुरे."

"खा. तुझ्या शंकराला सांग, नास्तिकानं वाढलं म्हणून."

"त्याला कळतं सगळं."

मग तिचं होईपर्यंत तिथंच भिंतीला टेकून बसायचे. गप्पा अशा नाहीतच. पुरवठ्याला आलेल्या साखरेबद्दल, कुणाच्या तरी म्हशीबद्दल. एवढ्या घासांच्या वासात त्यांच्या पोटात काय होत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी नववीत असताना आजी गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले, आम्ही अजून साताऱ्यातच होतो आणि सोमवार आला. दुपारी आईनं अण्णांचं पान घेतलं. ते आले, पाटावर बसले, ताटाकडे थोडा वेळ बघितलं आणि उठले. म्हणाले, "आत्ता नको. संध्याकाळी जेवेन."

दिवा लागल्यावर त्यांनी स्वतःहून वरणभात मागितला आणि जेवले. तूप बेतानं घेतलं.

त्यानंतरचे सगळे सोमवार असेच. अण्णा पुढं सात वर्षं होते. आईचं म्हणणं, त्यांनी आजीचा सोमवार उचलला. माझ्या बाबांना हे पटत नाही. त्यांच्या मते दुपारी समोर कुणी शेंगा फोडायला नव्हतं, म्हणून घास उतरत नसणार, बस्स. तोंडावर विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. गल्लीला अर्थात आपलं पहिल्यापासूनचं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला, आणि यावेळी अण्णा ओट्यावरून काही ओरडले नाहीत.

तर, जेवणाआधी काय म्हणायचं. धाकटीनंच शेवटी तोडगा काढला. सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात मांडीवर. मग ती सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवते आणि म्हणते, "एक, दोन, साडेमाडे तीन!" की सुरू. आठवडा झाला, टिकलंय.

काल नवऱ्याला ऑफिसातून यायला उशीर झाला. आपण बसू या, बाबा येतील मागून, म्हणून मी तिघांचं वाढलं. तिनं एक म्हटलं, दोन म्हटलं, साडेमाडे म्हटलं आणि थांबली. रिकाम्या जागेकडे बघून, मग दाराकडे. मोठ्यानं हळूच पापड मोडला, त्याचा आवाज झाला, तशी ती त्याच्यावर डाफरली.

पंधरा मिनिटं आम्ही साडेमाडेवर बसून होतो. वरण पार गार झालं. मी पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.