मला आल्फ्रेडनं घडवून घेतलं

लंडन, बाथ, स्टोनहेंज, कोट्सवोल्ड्सची दगडी घरं हे सगळं पाहिलं. छान आहे, आणि त्यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या एका सोन्याच्या दागिन्याबद्दल. लांबी 6.4 सेंटिमीटर, म्हणजे बोटभरसुद्धा नाही.

आमच्या टूरवाल्यांनी ऑक्सफर्डला अर्धा दिवस दिला होता. त्यातला निम्मा एका कॉलेजच्या भोजनगृहासमोरच्या रांगेत गेला, कारण तिथं कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग झालंय. 1683 साली उघडलेलं, आजही फुकट पाहता येणारं संग्रहालय चालत दहा मिनिटांवर, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नाही! मी आणि माझी मावसबहीण गाइडला सांगून रांगेतून बाहेर पडलो.

हा दागिना जुन्या काळच्या आल्फ्रेड या इंग्रज राजाच्या नावानं ओळखला जातो आणि दुसऱ्या मजल्यावर आहे. थेंबाच्या आकाराचा. वर जाड स्फटिक, त्याच्या खाली मीनाकारीत काढलेला एक माणूस, मोठ्या डोळ्यांचा, दोन्ही हातांत फुलांच्या दांड्या धरलेला. खालचं निमुळतं टोक म्हणजे एका जनावराचं तोंड. त्यावर सोन्याचे रवे इतके बारीक बसवलेत की काचेला नाक लावावं लागतं. जनावराच्या तोंडात एक पोकळ नळी आहे, आणि नळीतून आरपार गेलेला खिळा अजून जागेवर आहे. तिथं काहीतरी, बहुधा लाकडाची किंवा हस्तिदंताची काडी, बसवलेली असणार.

समोरून एवढंच दिसतं आणि लोक तेवढंच बघून पुढं जातात. खरी गंमत कडेला आहे. सोन्याच्या पट्टीत जाळी कापावी तशी अक्षरं कापून काढलीत आणि ती दागिन्याभोवती फिरतात, म्हणून वाचायचं तर आपणही काचेभोवती फिरायचं. आम्ही दोघी फिरत होतो तेव्हा तिथल्या एक वयस्कर कर्मचारी बाई जवळ आल्या आणि एकेका अक्षरावर थांबत त्यांनी ते जुन्या इंग्रजीच्या उच्चारात म्हणून दाखवलं: ‘ॲल्फ्रेड मेक हेख्त येविर्कान.’ मला आल्फ्रेडनं घडवून घेतलं.

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे तांब्या-पेल्यावर नाव घालतात, ‘मामाकडून सप्रेम भेट’. पण ते बोलणं देणाऱ्याचं. इथं वस्तू स्वतः बोलते, ‘मला’ म्हणते, आणि हजार-अकराशे वर्षं तेच सांगत राहते. आल्फ्रेड राजानं दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्सवर 871 ते 899 राज्य केलं. 878 मध्ये व्हायकिंगांनी त्याला पार सॉमरसेटच्या दलदलीत, ॲथेल्नीला लपायला लावलं होतं. हा दागिना 1693 मध्ये त्याच ॲथेल्नीपासून काही मैलांवर, नॉर्थ पेदर्टनला मातीत सापडला.

पुढं आल्फ्रेडनं पोप ग्रेगरीचा ग्रंथ लोकांच्या बोलीत आणला आणि एकेक प्रत बिशपांना धाडली. प्रस्तावनेत तो म्हणतो की प्रत्येक प्रतीसोबत पन्नास मँकस (त्या काळचं सोन्याचं मोजमाप) किमतीचं एक ‘ॲस्टेल’ आहे. हे ॲस्टेल म्हणजे ओळीवर फिरवून वाचायची काडी आणि आपला दागिना म्हणजे तिची मूठ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या नातवाच्या, ॲथेलस्टॅनच्या काळच्या नियमांत एका बैलाची किंमत एक मँकस धरलीय. पोथी वाचायच्या काडीला पन्नास बैल! वाचण्याला एवढा मान देणारा राजा मला फार आवडला.

त्या काळच्या कवितेत राजाला ‘कडी वाटणारा’ म्हणतात. सोन्याचं कडं, त्यांच्या भाषेत ‘बेआग’, दरबारात मर्दुमकीसाठी मिळायचं. हातात सोन्याचं कडं घालून मानकरी करण्याची रीत आपल्याला नवी नाही. पण मला राजांपेक्षा बाकीच्यांच्या वस्तू जास्त बोलक्या वाटतात. लँकशरमध्ये सापडलेल्या एका सोन्याच्या अंगठीवर कोरलंय, ‘मी एड्रेडची, मला एआनरेडनं कोरलं.’ मालकाच्या बरोबरीनं कारागिराचं नाव! आपल्या किती सोनारांच्या वाट्याला हे आलं?

आणि एडवेनचा चांदीचा ब्रोच. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, ईली परगण्यातल्या सटन गावात सापडलेला, आता ब्रिटिश म्युझियमकडे असलेला. त्याच्या पाठीवर लिहिलंय की मी एडवेनची आहे, देव तिला आपली म्हणो, आणि तिच्या मर्जीवाचून जो मला तिच्याकडून नेईल त्याला देवाचा शाप लागो. कोकणात शिलाहारांच्या वेळच्या गधेगाळींवर, म्हणजे दानाच्या कोरीव दगडांवर, असलेच शाप आहेत, पण ते दान दिलेल्या जमिनीसाठी, राजाच्या हुकमानं. इथं एक बाई आपल्या एका दागिन्यासाठी शाप कोरून ठेवते, आणि ‘तिच्या मर्जीवाचून’ ही अट आवर्जून घालते. द्यायचा तर ती देईल, कुणी घ्यायचा नाही. स्त्रीधनाची इतकी खणखणीत नोंद मी दुसरीकडे वाचलेली नाही.

बसपाशी परतलो तेव्हा बाकीचे अजून दुकानांत होते. गाइडनं विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी सांगायला लागले आणि तो घड्याळ बघायला लागला. म्हणून तुम्हाला सांगते, ऑक्सफर्डला जायचं ठरवाल तर टूरचे पैसे भरण्याआधीच विचारा की ॲशमोलियनला किती वेळ देणार. ‘बाहेरून दाखवतो’ असं उत्तर आलं, तर लंडनहून आपली आपण बस धरा. बस चिक्कार आहेत.