चेंबर 30 मिलिमीटरने उथळ केलं, आणि फ्लँजपायी सहा आठवडे गेले

कोकणात राहत असाल तर वेल्डिंगचं नाजूक काम जून-जुलैत कुणाकडे देऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि हात चांगला असलेला वेल्डर त्यांच्याच डागडुजीत अडकलेला असतो. माझ्या किट कारचं (सुटे भाग जुळवून स्वतः बांधलेल्या गाडीचं) ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उथळ करायला 12 जूनला एका वर्कशॉपमध्ये गेलं, 4 जुलैला परत आलं, आणि आलं ते वाकडं. ते सरळ करून, गळती बंद करून इंजिनाला बसेपर्यंत 24 जुलै उजाडला. यातलं खरं काम फार तर चार दिवसांचं.

गाडी दोन सीटची, नळ्यांच्या चासीची, आत जिप्सी किंगचं 1298 सीसी जी13बीबी इंजिन. ती वाडीतल्या खाजगी रस्त्यावर चालते आणि ट्रॅकला ट्रेलरवरून जाते. रस्ता जांभ्याचा. पावसात माती वाहून गेली की चिऱ्यांच्या कडा वर येतात, आणि गाडीत सगळ्यात खाली काय लोंबत होतं तर चेंबर. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन मोजलं तेव्हा चेंबर जमिनीपासून 95 मिलिमीटरवर होतं आणि चासीची खालची नळी 115 वर. रिकाम्या गाडीचं माप घेऊ नका, स्प्रिंग दबल्यावर ते खोटं ठरतं. चेंबर नळीच्या वर 10 मिलिमीटर असलं म्हणजे दगड आधी नळीला लागतो. म्हणून 125 हवे होते, म्हणजे 30 मिलिमीटर कापायचं. त्याहून जास्त कापण्यात अर्थ नाही, कारण पुढचा दगड नळीलाच लागणार.

कापण्याआधी हिशेब करा. इथे बहुतेक जण फसतात. माझ्या चेंबरचा खोल भाग 22 बाय 20 सेंटिमीटर, म्हणजे 440 चौरस सेंटिमीटर. 3 सेंटिमीटर कापले की 1.32 लिटर तेलाची जागा गेली. तेल कमी भरून चालवणं म्हणजे बेअरिंग घालवणं. पातळी वाढवून भरपाईही करता येत नाही. जी13चा स्ट्रोक 75.5 मिलिमीटर आहे, म्हणजे क्रँकपिन (पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, जिथे जोडलेला असतो ती पिन) मध्यापासून 37.75 मिलिमीटरवर फिरतो आणि त्या रॉडची टोपी त्याच्याही बाहेर. ती तेलात बुडली की तेलाचा फेस होतो, फेस पंपात जातो आणि तेलाचं प्रेशर पडतं. पातळी होती तिथेच ठेवायची, जागा बाजूला वाढवायची, म्हणजे चेंबरच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे कप्पे जोडायचे.

बाजूच्या पंखांची जागा मोजताना डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेखाली जेवढी जागा येते तेवढीच धरा. पंख सहा सेंटिमीटर उंच केला आणि तेल चारच सेंटिमीटर चढलं, तर वरचे दोन हिशेबात नाहीत. माझ्याकडे खुणेपर्यंत तेलाची खोली 73 मिलिमीटर होती, कापल्यावर 43 उरली. दोन्ही बाजूंना 22 बाय 7 सेंटिमीटरचे पंख, दोन्ही मिळून 308 चौरस सेंटिमीटर, गुणिले 4.3, म्हणजे 1.32 लिटर. गेलं तेवढं परत आलं.

साहित्य: तळाला 3 मिलिमीटर सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, तळ आणि पंखांचा तळ एकाच तुकड्यात, 22 बाय 34 सेंटिमीटर. पंखांच्या भिंती 2 मिलिमीटर. गॅल्वनाइज्ड पत्रा वापरू नका. जस्ताचा धूर विषारी असतो आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. ॲल्युमिनियमचा मोह मी टाळला, कारण दगड लागल्यावर लोखंड चेपतं आणि ॲल्युमिनियमला तडा जातो. ड्रेन प्लग तळाला लावू नका, मागच्या भिंतीत अगदी खाली लावा. तळाला लावलात तर कापून मिळवलेल्या जागेतली निम्मी बोल्टच्या डोक्यात जाते.

आता फ्लँजबद्दल.

चेंबरची वरची कड इंजिनाला बसते, तीच फ्लँज. तो दाबून काढलेला पातळ पत्रा असतो. भिंतीवर वेल्ड केलं की धातू तापतो, फुगतो, आणि थंड होताना मूळ मापापेक्षा जास्त आकसतो. ती ओढ कडेपर्यंत जाते. म्हणून वेल्डिंगआधी चेंबर 12 मिलिमीटर जाडीच्या सपाट प्लेटवर, सगळ्या भोकांतून बोल्ट घालून आवळायचं. मग चारी बाजूंना टॅक (पकडीपुरते वेल्डचे ठिपके), मग समोरासमोर 25-25 मिलिमीटरचे तुकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. प्लेटवरून सोडायचं ते पूर्ण गार झाल्यावरच. मी प्लेट भोकं पाडून चेंबरसोबत दिली होती. ती माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यावर बोल्टचा एक ओरखडाही नव्हता.

चेंबर टेबलाच्या काचेवर उपडं ठेवलं, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवलं, तर डाव्या बाजूला मधोमध 1.8 मिलिमीटर फट. वेल्ड एका दमात गोल फिरवलेलं. वर वर्कशॉपचं उत्तर असं, की सिलिकॉन (सांधा बंद करायची पेस्ट) जास्त लावा, बोल्ट आवळले की बसेल. हे मुळीच ऐकू नका. सिलिकॉन अर्ध्या-एक मिलिमीटरचं काम करतं. 1.8 ची फट एम6 बोल्टने ओढली तर कड भोकाभोवती दबते, दोन बोल्टांमध्ये फुगते आणि वेल्डवर कायमचा ताण राहतो. पुढे त्याच जागी तडा येतो.

सरळ करायची रीत: आधी बोल्टच्या भोकांभोवतीचे उंचवटे काढा. जुन्या चेंबरला ते असतातच, कुणीतरी कधी ना कधी जास्त आवळलेलं असतं. खाली सपाट लोखंडी ठोकळा, वरून बॉलपीन हातोड्याची सपाट बाजू, हलके ठोके. नंतर चेंबर प्लेटवर आवळा आणि भिंतीचा फुगलेला भाग टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवून तसाच गार होऊ द्या. पाणी मारू नका. माझं दोनदा केल्यावर 1.8 चं 0.5 झालं, तिसऱ्यांदा 0.25. काचेला ग्रीसचा पातळ हात लावून त्यावर कड टेकवली की ठसा दिसतो. सलग ठसा आला की थांबा. 0.3 च्या आत पुरे.

आणि मग गळती. याची परीक्षा जुनी आणि पक्की आहे: वेल्डवर बाहेरून खडूपूड पाण्यात कालवून लेप द्यायचा, तो वाळला की आत रॉकेल किंवा डिझेल ओतून रात्रभर ठेवायचं. पांढऱ्यावर ओला डाग आला तिथे भोक. पावसाळ्यात लेप वाळतच नाही आणि दमटपणाचा डाग गळतीसारखा दिसतो, म्हणून मी 100 वॉटचा बल्ब खाली टांगून आधी कोरडा केला. सकाळी सात डाग. सगळे उजव्या पंखाच्या जोडावर, एका ओळीत, मोहरीएवढे, मधल्या एकाला कडेने पिवळसर वर्तुळ.

ते पिवळं वर्तुळ म्हणजे जुनं इंजिन ऑइल. मूळ चेंबरमध्ये आतून एक बफल प्लेट (तेल हिंदकळू नये म्हणून लावलेला आडवा पत्रा) स्पॉट वेल्डने चिकटवलेली असते. त्या दोन पत्र्यांच्या मध्ये वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं आणि वरवर कितीही धुतलं तरी निघत नाही. आर्गन वेल्डिंगची उष्णता लागली की ते उकळून बाहेर येतं आणि वितळलेल्या धातूत बुडबुडे सोडतं. त्यात वर्कशॉपची शेड पश्चिमेला उघडी. पावसाळी वारा आर्गनचं कवच उडवून नेतो, मग जोड स्पंजासारखा होतो. यावर पुन्हा वरून वेल्ड मारलं तर भोक बाजूला सरकतं. माझ्याकडे दोनदा सरकलं आणि प्रत्येक वेळी चार-पाच दिवस गेले.

तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून, माझ्यासमोर करून घेतलं. स्पॉट वेल्ड ड्रिलने उडवून बफल काढली, उजव्या जोडाचं सगळं जुनं वेल्ड ग्राइंडरने मुळापर्यंत काढलं, डिझेलचा थेंब राहू नये म्हणून साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन वाळवलं, ॲसिटोनने पुसलं आणि ॲसिटोन उडून गेल्यावरच काम सुरू केलं. इथे एक गंभीर गोष्ट: क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आसपाससुद्धा आणू नका, आर्क लागल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. पश्चिमेला ताडपत्री बांधली, वेल्डमध्ये वितळवायची तार (फिलर) ईआर70एस-6, प्लेटवर आवळून, तुकड्यातुकड्याने. त्या रात्री खडूचा लेप सकाळपर्यंत पांढरा राहिला. इतकं बरं मला या गाडीच्या बाबतीत क्वचित वाटलं असेल.

स्ट्रेनरचं, म्हणजे पंप ज्यातून तेल ओढतो त्या जाळीचं, आधी सांगायला हवं होतं. तळ 30 ने वर आला म्हणजे स्ट्रेनरची नळीही 30 ने आखूड करायची. जाळी आणि तळ यांत 8 मिलिमीटर ठेवले. फार कमी ठेवले तर पंप गुदमरतो, फार जास्त ठेवले तर वळणावर हवा ओढतो. माप घ्यायला जाळीखाली मातकामाच्या चिकणमातीचे तीन गोळे ठेवा, चेंबर सिलिकॉनशिवाय चार बोल्टांवर बसवा, काढा आणि गोळ्यांची जाडी मोजा. नळी कापून पितळेने ब्रेझिंग केलं. हा जोड ओढीच्या बाजूचा आहे, इथे सुईएवढं भोक असलं तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि प्रेशर का पडतं ते कळत नाही. एक तोंड बंद करून, सायकलच्या पंपाने हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवून बघा. ओ-रिंग नवीनच घ्या.

बफलशिवाय रुंद चेंबर बसवू नका. अर्ध्या जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या ओढीच्या) वळणातही तेलाचा पृष्ठभाग 26-27 अंश कलतो. 34 सेंटिमीटर रुंदीत ते तेल एका पंखात गोळा होतं आणि मधली जाळी उघडी पडते. जाळीभोवती चार भिंतींची पेटी केली, डाव्या-उजव्या भिंतींना आत उघडणारी झडप, साध्या लोखंडी बिजागरीची. तेल आत येतं, बाहेर जाताना झडप मिटते. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना वेल्डने बंद करा. आत कुठेही नट-बोल्ट नको, सुटला तर थेट जाळीवर. आतून रंगही नको, पोपडे निघतात. बाहेरून मात्र इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात रंग त्याच दिवशी. खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा होतो.

बसवताना सिलिकॉनची 3 मिलिमीटरची सलग रेघ भोकांच्या आतल्या बाजूने, बोल्ट मधून टोकांकडे, 11 न्यूटन-मीटर. तेल भरण्याआधी रात्रभर तसंच ठेवलं. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढून, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवला.

पंख एक्झॉस्टच्या नळीजवळ आला असेल तर मध्ये 25 मिलिमीटर तरी अंतर आणि पत्र्याचा आडोसा ठेवा.

डिपस्टिक. वरची खूण तीच राहते, पण तळ वर आल्यामुळे पट्टीचं टोक टेकत नाही ना ते आधी बघा, टेकलं तर टोक कापा. खालची खूण बदलावीच लागते. आधी पातळी 22 मिलिमीटर उतरली की साधारण एक लिटर तेल गेलेलं असायचं. आता क्षेत्रफळ 748 झालंय, तेवढ्याच उतरणीत 1.6 लिटर जातं आणि जाळीच्या वर जेमतेम 13 मिलिमीटर उरतं. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, मोजपात्राने अर्धा-अर्धा लिटर ओतत, वरच्या खुणेपेक्षा एक लिटर कमी असताना पट्टीवर तेल जिथे येतं तिथे कानशीने नवीन खूण केली. जुनी खालची खूण घासून टाकली, दुसरं कुणी तेल बघायला गेलं तरी चुकायला नको.