झोप येण्याआधीची पाच मिनिटं

बुधवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा जपमाळ म्हणता म्हणता डोळा लागला. जाग आली तेव्हा मणी चिमटीत तसाच होता, पण तो सातवा की आठवा, काही केल्या आठवेना. पूर्वी चिडून सगळं दशक, म्हणजे दहा मण्यांचा तो भाग, पहिल्यापासून घेतलं असतं. आज तशीच पुढे सरकले. फ्रान्समधल्या लिझियची संत तेरेझा कार्मेल संघाच्या मठात जोगीण म्हणून राहूनही प्रार्थनेत पेंगायची. जपमाळ म्हणणं तर तिला देहदंडापेक्षा जड जायचं, हे तिनंच लिहून ठेवलंय. १८९७ साली चोविसाव्या वर्षी ती गेली आणि बरोबर शंभर वर्षांनी पोपनी तिला चर्चच्या आचार्यांत, म्हणजे श्रद्धा शिकवणाऱ्या थोर संतांत, बसवलं. आचार्यांना झोप येत असेल, तर माझं काय!

या वहीला राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरुवात केली. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेली पानं जाळून ती राख करतात आणि कपाळाला लावतात. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पण यंदा कपाळाला बोट टेकलं तेव्हा पोटात काहीतरी हललं. आपल्या 'होसान्ना'च्या जयघोषाचीच राख ही.

माझी श्रद्धा गेली होती असं मी म्हणणार नाही. विम्याच्या पॉलिसीसारखी होती. हप्ते वेळेवर, कागद कुठे ठेवलेत ते माहीत नाही. रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, चुकत नव्हती. कन्फेशन, फादरांपुढे पापांची कबुली, मात्र नऊ वर्षांत झालं नव्हतं. चर्चचा नियम निदान वर्षातून एकदा गंभीर पापं कबूल करा असा आहे, आणि मी 'माझं कुठलं एवढं गंभीर' म्हणत वर्षं ढकलली.

शेवटी गेले, चांगली यादी करून. गुडघे टेकले, चिठ्ठी उघडली आणि लक्षात आलं की आत उजेडच नाही. एक अक्षर दिसेना. जाळीपलीकडे फादर शांत. मग जे तोंडात आलं ते बोलले, आणि पहिलं आलं ते यादीत नव्हतंच. धाकट्या बहिणीशी मी दोन वर्षं बोललेले नाही. कारण सांगायला लागले तर फादर हळूच म्हणाले, "तिचं राहू दे. तुमचं सांगा."

प्रायश्चित्त म्हणून काय दिलं, तर फक्त एकदा 'नमो मरिया', मरियामातेची छोटीशी प्रार्थना. हळू म्हणा, एवढंच. नऊ वर्षांच्या हिशेबाला हे म्हणजे अगदीच किरकोळ, जरा फसवल्यासारखंच वाटलं. बाकावर बसून म्हणू लागले आणि त्यातल्या 'आम्हा पापी जनांसाठी'वर अडकले. बहिणीसाठी प्रार्थना मी या दोन वर्षांत केली नव्हती असं नाही. तिला सद्बुद्धी दे, हीच. इथे मात्र तिला वेगळं काढायची सोयच नाही. 'आम्हा' म्हटलं की ती आणि मी एकाच बाकावर. पुढे वेळाही दोनच, आता आणि मरणाची. 'तिनं आधी फोन केला की' या वेळेला त्यात जागा नाही.

तेव्हापासून रोज रात्री पाच मिनिटं दिवस उलगडून बघते. पद्धत येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नासची: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवसाची उजळणी, क्षमा आणि उद्याचा विचार. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून हा माणूस अंथरुणाला खिळला. शिलेदारांच्या कथा मागितल्या तर घरात निघालं येशूचं आणि संतांचं चरित्र. पडल्या पडल्या त्याला दिसलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगावं या विचाराचा गोडवा मात्र मागे उरतो. मला हे फार आवडतं. काय केलं याच्याइतकंच मागे काय उरलं तेही बघायचं.

म्हणून आजचं लिहिते. दुपारी एका मीटिंगमध्ये मी एकाला चारचौघांत गप्प केलं. मुद्दा माझाच बरोबर होता. तेव्हा बरं वाटलं, आता तोंड कडू आहे. उद्या सकाळी आधी त्याच्या टेबलाशी जायचं. आणि संध्याकाळी बसमध्ये एक लहान मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तिच्या आईला फार संकोच वाटत होता. ते अजून खांद्यावर आहे.

काही दिवस वहीत नुसतं 'थकले, झोपते' एवढंच आहे. असू दे.

बहिणीचा नंबर मी फोनमधून काढून टाकला होता. आज जुन्या डायरीत शोधला. 'कशी आहेस?' लिहून पाठवलं. त्याच्याआधी चार ओळी होत्या, माझी बाजू समजावणाऱ्या. त्या खोडल्या. अकरा वाजत आले, अजून उत्तर नाही. जपमाळेची दोन दशकं राहिलीत, ती म्हणते.