व्याज अर्ध्यावरच थांबलं

३१ मार्चच्या आधी रंगीत तालीम झालीच पाहिजे, ही अट पतसंस्थेच्या हिशेबनीस काकांची. इंदुरात जन्म गेलेला माणूस. मराठी बोलताना मधेच 'अरे भिया' म्हणणार आणि पैशाच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवणार नाही. तोवर ठेवींवरचं व्याज स्क्रीनवरचं बटण दाबून जमा व्हायचं. आता ते रात्री आपोआप व्हायचं होतं. त्यासाठी आमच्या टीममधल्या मुलीने क्वार्ट्झचा (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या जावा लायब्ररीचा) जॉब लिहिला होता आणि तिच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या.

डेटाच्या कॉपीवर जॉब सुरू केला आणि पहिल्याच ओळीला नलपॉइंटर एक्सेप्शन. रिपॉझिटरी, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट, नल! जागा रिकामीच.

"दादा, ऑटोवायर्ड लिहिलंय की!" तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

लिहिलं होतंच. ऑटोवायर्ड म्हणजे 'इथे लागणारा ऑब्जेक्ट आणून जोडा' अशी कोडावरची चिठ्ठी. पण ते अॅनोटेशन वाचणारा कोण? स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडणारा भाग, आणि तोही स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टपुरता. कंट्रोलर, सर्व्हिस हे सगळं तोच बनवतो, म्हणून वेबच्या कामात हा प्रश्न कधी डोकं वर काढत नाही. क्वार्ट्झ मात्र वेळ झाली की जॉबचा रिकामा कन्स्ट्रक्टर स्वतःच बोलावतो. त्याला स्प्रिंगचा पत्ताच नसतो. क्लासवर कम्पोनंटही ('हा स्प्रिंगने बनवावा' अशी खूण) लिहिलेलं असल्यामुळे टेस्टमध्ये स्प्रिंगने बनवलेला जॉब चालत होता. रात्री चालणारा त्याच क्लासचा दुसराच ऑब्जेक्ट होता.

यावरचा उपाय जुना आहे. आमचा प्रोजेक्ट स्प्रिंग ४ वर. तिथे क्वार्ट्झसाठी जॉब बनवणारी स्प्रिंगबीनजॉबफॅक्टरी एक्स्टेंड करायची, जॉब तयार झाला की ऑटोवायरबीन मेथडला द्यायचा आणि परत करायचा. चार ओळींचं काम. तिने कॉन्फिगरेबल अॅनोटेशनचाही विषय काढला, पण त्यासाठी अॅस्पेक्टजेचं वीव्हिंग (क्लासमध्ये बाहेरून कोड विणणं) आलं, आणि सर्व्हरच्या स्टार्टअपला एजंट जोडणं मला मार्चमध्ये नको होतं. ग्लोबल स्टॅटिक कॉन्टेक्स्ट ठेवून हवं तिथून बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) उचलण्याची युक्ती तर मला कधीच आवडली नाही. कोणता क्लास कशावर अवलंबून आहे हे मग कोणालाच दिसत नाही.

जॉब चालला. आणि मध्येच पडला. एका खात्याचा व्याजदर कोरा निघाला. तेही एक वेळ ठीक, पण त्याच्या आधीच्या सगळ्या खात्यांवर व्याज जमा होऊन बसलं होतं. जॉबच्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल (सगळं जमा होईल, नाहीतर काहीच नाही) असूनही रोलबॅक नाही, म्हणजे झालेलं काही मागे फिरलं नाही. हे खऱ्या डेटावर झालं असतं आणि कोणी जॉब पुन्हा सुरू केला असता, तर अर्ध्या गावाला दुप्पट व्याज.

खरी मेख इथे होती. ऑटोवायरबीन फक्त फील्ड भरून देतं. ट्रान्झॅक्शन सुरू करणारा असतो प्रॉक्सी, म्हणजे बीनला येणारी हाक आधी झेलणारं वेष्टण, आणि कंटेनर बीन पूर्ण तयार करतो तेव्हा तो तिच्याभोवती चढतो. आमच्या जॉबला शिधा मिळाला होता, रेशनकार्डावर नाव चढलं नव्हतं. त्यामुळे रिपॉझिटरीचा प्रत्येक सेव्ह आपापलं ट्रान्झॅक्शन उघडून बंद करत होता. टेस्टमधला जॉब अस्सल बीन, तिथे रोलबॅक बिनबोभाट झाला होता.

मग जॉबमधलं सगळं गणित उचलून व्याजाच्या सर्व्हिसमध्ये नेलं आणि ट्रान्झॅक्शनलही तिकडेच गेलं. जॉबमध्ये उरली सर्व्हिसला हाक मारणारी एक ओळ. क्वार्ट्झने तो ऑब्जेक्ट कसाही बनवू दे, सर्व्हिस ही स्प्रिंगचीच बीन. जॉबच्या हातात येतो तो तिचा प्रॉक्सीच.

कॉपी पुन्हा कोरी करून जॉब चालवला. त्याच खात्यावर पडला, पण या वेळी एकाही खात्यात पैसा हलला नव्हता. काकांना फोन लावला.

"कोरा दर? अरे भिया, तो अज्ञान खातेदार होता. आता मोठा झालाय, त्याचे कागद अजून माझ्या टेबलावरच आहेत. उद्या करतो."

तिला स्प्रिंगची आवृत्ती वाढवायचीच होती. ५.१ पासून ती जॉबफॅक्टरी स्वतःच कंटेनरकडून पूर्ण बीन तयार करवून घेते, म्हणजे आमच्या त्या चार ओळीही गेल्या असत्या. तिचं बरोबर होतं. मी ते काम एप्रिलमध्ये टाकलं.