वरच्या इयत्तेचा पेपर

माझी लेक पाचवीत असताना तिचा गणिताचा पेपर निम्म्या वेळात संपायचा आणि उरलेला वेळ ती शेवटच्या पानावर चित्रं काढत बसायची. गुण पैकीच्या पैकी. शाळेत विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, ‘हुशार आहे, तुम्हाला काय काळजी?’ पण मला काळजी होती. उंची मोजायची पट्टी चार फुटांवरच संपत असेल, तर सव्वाचार फुटांचं मूल आणि साडेपाच फुटांचं मूल तिच्यावर सारखंच दिसणार. लेकीच्या पैकीच्या पैकी गुणांचं नेमकं तेच होत होतं. तिला पाचवीचं सगळं येतं एवढंच त्यातून कळायचं. पाचवीच्या पुढे ती कुठवर पोहोचली आहे, हे कळायला काही मार्गच नव्हता.

वाचता वाचता मी ज्युलियन स्टॅन्ली यांच्या कामापर्यंत पोहोचले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ. १९६९ मध्ये त्यांनी जोसेफ बेट्स नावाच्या १३ वर्षांच्या मुलाला कॉलेज प्रवेशासाठी असणारी सॅट परीक्षा द्यायला लावली. त्याला इतके चांगले गुण मिळाले, की त्याला थेट विद्यापीठातच घ्यायचं ठरलं. मग १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू झाला आणि १९७२ मध्ये पहिली प्रज्ञाशोध परीक्षा झाली. त्यामागची कल्पना साधी होती. मुलाला त्याच्या इयत्तेचा पेपर पुरत नसेल, तर त्याला मोठ्या मुलांचा पेपर द्या. मोठ्यांच्या पट्टीवर या मुलांमधले फरक दिसू लागतात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्याच, हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘स्कॅट’ परीक्षेला आम्ही लेकीचं नाव घातलं. चौथी-पाचवीच्या मुलांना यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बनवलेला पेपर सोडवायचा असतो. भाग दोनच, एक शब्दांचा आणि एक संख्यांचा. प्रत्येक भागात ५५ प्रश्न आणि वेळ २२ मिनिटं. भागाकार करून पाहिला तेव्हा पोटात गोळाच आला. एका प्रश्नाला २४ सेकंद!

पहिली चूक माझी झाली. ओळखीतून कळलेल्या एका शिकवणीत मी तिला घातलं. तिथे सहावी-सातवीचं पुस्तक पहिल्या धड्यापासून घोकून घ्यायला सुरुवात झाली. तीन आठवडे गेले. लेक दमली, चिडचिडी झाली, आणि मलाही उशिरा का होईना लक्षात आलं, की असं पाठ करून गुण आणले तर परीक्षेत मोजली जाणार ती शिकवणी, लेक नाही. शिकवणी बंद केली. मात्र तयारीच करायची नाही, हे म्हणणंही मला पटत नाही. प्रश्नाचा साचा पहिल्यांदा परीक्षेतच दिसला, तर तो समजून घेण्यातच मुलाची मिनिटं जातात. तो साचा ओळखीचा करून द्यायचा आणि त्यातला विचार मुलाला करू द्यायचा, एवढंच आम्ही ठरवलं.

संख्यांच्या भागात दोन राशी दिलेल्या असतात. पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही सारख्या, की सांगता येणार नाही, हे ठरवायचं. मी घरीच एक प्रश्न तयार केला. एका बाजूला एखाद्या संख्येची दुप्पट, दुसऱ्या बाजूला त्याच संख्येत ३ मिळवून येणारी बेरीज. लेक लगेच म्हणाली, “दुप्पट मोठी. पाच घेतले तर दहा आणि आठ.” मी म्हटलं, “एक घेऊन बघ.” दोन आणि चार. ती थांबली. मी न सांगताच तिने तीन घेऊन पाहिले. सहा आणि सहा. पेन्सिल टेबलावर ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली.
“आई, म्हणजे याला उत्तरच नाही?”
“सांगता येत नाही, हेच उत्तर आहे.”
“पण ते तर न येणाऱ्याचं उत्तर झालं ना!”

मी तिथेच थबकले. इतक्या वर्षांत ‘माहीत नाही’ म्हणायची वेळच तिच्यावर आली नव्हती. म्हणूनच सांगता येत नाही हे सिद्ध करणं आणि आपल्याला न येणं, या दोन गोष्टी तिच्या मनात एकच होऊन बसल्या होत्या.

शब्दांच्या भागात नाती जुळवायची असतात. पेपर इंग्रजीत असला तरी सुरुवात आम्ही मराठीतूनच केली. शिल्पकाराला छिन्नी, तसं लेखकाला काय? पुस्तक, लेखणी, वाचक की कथा? ती पटकन ‘पुस्तक’ म्हणाली. मग आम्ही एक सवय लावून घेतली. आधी पहिल्या जोडीचं पूर्ण वाक्य करायचं, ‘शिल्पकार छिन्नीने काम करतो’, आणि तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावून पाहायचं. लेखक पुस्तकाने काम करत नाही, लेखणीने करतो. या एका युक्तीने तिच्या निम्म्याहून जास्त चुका थांबल्या.

खरी अडचण पुढेच होती. पहिल्यांदा घड्याळ लावून सराव घेतला तेव्हा ती नवव्या प्रश्नावर अडली. पुढे जाईचना. मी दारातून बघत होते. खोडरबराने कागद फाटायची वेळ आली, डोळे भरून आले, आणि २२ मिनिटं संपली तेव्हा कागदावर आठच उत्तरं होती. ‘सोडून पुढे जा’ हे मी शंभर वेळा सांगितलं असेन. पण जिला कधीच काही सोडावं लागलं नाही, तिला सोडायचं कसं हे कुठून कळणार?

म्हणून मी एक वही केली. रोज त्यात एक असं कोडं लिहायचं, जे तिला सुटण्याची शक्यता कमी. काही तर मलाही सुटत नव्हती, आणि ते मी तिला तसंच सांगायचे. पाच मिनिटं प्रयत्न करायचा, जमलं नाही तर समोर एक टिंब काढायचं आणि वही मिटायची. पहिले काही दिवस टिंब काढताना तिचा हात अडायचा. महिन्याभराने एका सरावात तिने चौदा टिंबं काढली आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचली. तिचे गुण किती ते मी त्या दिवशी मोजलेच नाहीत. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिला स्पष्ट सांगितलं, की हा पेपर तुझ्यापेक्षा मोठ्या मुलांचा आहे, यातले बरेच प्रश्न तुला येणार नाहीत आणि ते तसंच ठरवून केलं आहे. परीक्षा घरूनच होती, कॅमेऱ्यातून निरीक्षक पाहणार होते. सुरुवातीची तपासणी झाल्यावर मी खोलीबाहेर पडले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “खूप सोडले. पण मजा आली.”

निकाल वाचताना पालकांनी एक लक्षात ठेवावं. इथली तुलना मोठ्या मुलांशी असते, त्यामुळे शाळेच्या टक्क्यांसारखा आकडा शोधला तर उगाच निराशा होते. लेकीचा शब्दांचा भाग संख्यांपेक्षा बराच वर निघाला. आम्ही तिला इतकी वर्षं ‘गणितातली हुशार’ म्हणत होतो! इयत्ता ओलांडायचा विचार आम्ही सोडला, आणि तिला आता भाषेचं वरच्या पातळीचं वाचन आणि लेखन सुरू करून दिलं आहे.

वही अजून चालू आहे. त्यातल्या अकरा कोड्यांपुढे अजून टिंबं आहेत. मागच्या आठवड्यात त्यातलं एक तिने सोडवलं, टिंब खोडलं, आणि खालच्या दुसऱ्या टिंबापाशी जाऊन मला म्हणाली, “हे तुलाही येत नाही ना अजून? बस इथे.”