आठ महिन्यांची ओहोटी

उरणला होते तेव्हा माझ्या फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या नोकरीमुळे चार वर्षं तिकडे काढली आणि पक्षी बघायला शिकले तीही तिथेच, कंटेनरच्या रांगांपलीकडच्या चिखलात. भरतीला सगळे पक्षी बांधांवर आणि मिठागरांच्या कडेला दाटीवाटीनं, एका पायावर उभे. ओहोटी लागली की चिखल उघडा पडत जायचा आणि टिलवे, पाणटिवळे, तुतवार मागे हटणाऱ्या पाण्यामागे चालत निघायचे. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आमचा रविवारही सरकायचा. कधी सकाळी सहा, कधी भर दुपारी बारा. मासेमारीच्या बोटींमागे कुरवांचे थवे, खाडीत रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रेघ, आणि पाठीमागे क्रेनचा खडखडाट.

नागपूरला परत आले तेव्हा वाटलं, हे सगळं मागे राहिलं. इथे कुठला समुद्र! वेळापत्रकाचा कागद मात्र फेकवला नाही, पुस्तकात घालून ठेवला.

या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, उमरेडकडच्या एका तलावावर पाणपक्षी मोजायला गेलो होतो. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे, आणि हौशी माणसंच आपापल्या भागातले तलाव वाटून घेऊन ती करतात. आमच्या वाट्याला तीन ठिकाणं आली: शहरातले अंबाझरी आणि गोरेवाडा, आणि हा उमरेडकडचा तलाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

शनिवारी शहरातले दोन उरकले. अंबाझरी १८७० चा, गोरेवाडा १९१२ चा, दोन्ही शहराला पाणी पाजायला बांधलेले. पाणी खोल आणि काठ उभे, त्यामुळे बुडी मारणाऱ्यांची चंगळ. गोरेवाड्याला मध्यभागी लालसरी होत्या, कडेला टिबुकल्या आणि वारकरी. वारकरी हे नाव ज्यानं दिलं त्याच्या नजरेला माझा नमस्कार. काळ्या अंगावर कपाळाचा तो पांढरा टिळा बघितला की दुसरं नाव सुचतच नाही. अंबाझरीला जलपर्णीनं इतकं पाणी झाकलंय की मोजायला मोकळी जागा शोधावी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हाच तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत शिरला होता. पाळीवर उभी राहिले की ती पहाट अजून आठवते. चिखलावर चालणारे पक्षी दोन्हीकडे मिळून दहाच्या वर नव्हते. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी पहाटे साडेचारला निघालो. मी, माझा भाचा आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारचे काका. काकांची स्पॉटिंग स्कोप, माझी दुर्बीण, भाच्याकडे वही. वहिनीनं डब्यात सांबारवडी दिली होती. दिघोरी मागे पडलं आणि धुकं सुरू झालं, पाचगावपर्यंत रस्त्याची पांढरी रेघ बघत बघत गाडी चालवली. गावात पोचलो तेव्हा फटफटलं होतं. कुठेतरी तुरीच्या शेतात तित्तिर ओरडत होता.

हा मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचा तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्व भागात असे हजारो आहेत. त्यांची घडण समजून घेण्यासारखी आहे. दरी अडवून भिंत घालायची, असं हे धरण नाही. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ, बाकी तीन बाजू मोकळ्या. पाणी ताटासारखं पसरतं. पाळीपाशी पुरुष-दीड पुरुष खोल, आणि वरच्या अंगाला जमीन इतकी सपाट की घोट्याएवढं पाणी दूरवर पांगलेलं. पाणी वीतभर उतरलं की वरच्या अंगाची कित्येक पावलं जमीन उघडी पडते.

पाळीच्या टोकाला एक म्हातारे ढिवर बाबाजी डोंगा रिकामा करत बसले होते. आम्ही तिपाई उभी केली तसे जवळ आले.

"काय पाहून राहिले जी?"

"पाखरं मोजतो बाबाजी. सरकारी नाही, आपलं हौसेचं."

"मंग इथून काय दिसन? तिकडे वरच्या अंगाले जा. पाणी उतरून राहिलं ना बाई, तसतसं पाखरू खाली येते. दिवाळीले त्या बाभळीपाशी होतं. आता हे पाहा कुठं आलं. होळीले मधात येईल."

मी बाभळीकडे बघितलं. पाण्यापासून ती चांगली दीडशे पावलं लांब होती. मधल्या पट्ट्यात आधी वाळून तडकलेली माती, मग हिरवं लुसलुशीत गवत, मग काळा ओला चिखल, आणि शेवटी पाणी. चारही पट्टे पायऱ्यांसारखे एकाखाली एक. उरणच्या चिखलात मी हेच बघत होते, फक्त तिथे ते सहा तासांत व्हायचं. इथे धानाला सोडलेल्या पाण्यानं ऑक्टोबरात सुरुवात होते आणि मे संपेपर्यंत चालू राहते. आठ महिन्यांची एकच ओहोटी. भरती पावसाळ्यात, वर्षातून एकदा. आणि काल गोरेवाड्याला चिखलावरचे पक्षी का नव्हते तेही कळलं. उभ्या काठाच्या तलावात पाणी कितीही उतरो, चिखल उघडा पडतच नाही.

बाबाजींच्या सांगण्याप्रमाणे वळसा घालून वरच्या अंगाला गेलो. बेशरमच्या झुडपांआड बसलो. सूर्य वर आला तसं धुकं पाण्यावरून उचललं गेलं आणि समोर पट्टकादंब दिसले.

लोक यांना राजहंस म्हणतात. राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, जणू कुणी बोटानं काजळ ओढलंय. चोच पिवळीधमक, टोकाशी काळी. ते गवताच्या पट्ट्यावर पसरून शेंडे खुडत होते. खुडतानाचा बारीक कट्-कट् आवाज आमच्यापर्यंत येत होता. दहा-बारा जण चरायचे आणि दोघं-तिघं मान ताठ करून उभे. मग पहारा बदलायचा.

मोजायची आमची रीत अशी. बदकं दाट असतील तर दहांचा एक गठ्ठा डोळ्यांत बसवायचा आणि तो गठ्ठा थव्यावर टाकत जायचा. पट्टकादंब मात्र एक-एक मान मोजायची. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला नाही तर पुन्हा. काकांचे १६४ आले, माझे १६१. तिसऱ्यांदा १६४. भाच्यानं लिहिलं. प्रत्येक मानेवर पट्टा आहे का तेही बघितलं, कारण मंगोलियात यांच्या मानेत क्रमांकाचे पट्टे घालतात आणि असा एक जरी सापडला तर तो कुठून आला ते नेमकं कळतं. आम्हांला नाही मिळाला.

हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडच्या सरोवरांवर पिल्लं वाढवतात आणि हिमालय ओलांडून येतात. अंगावर उपग्रहाचा ट्रान्समीटर बसवलेला एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेलाय. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. तरीसुद्धा ते उगाच उंच चढत नाहीत. डोंगर आला की वर, दरी आली की पुन्हा खाली, जमिनीचा उतार धरून उडतात. खालच्या दाट हवेत पंखांना कमी कष्ट पडतात. अडीच किलोचा जीव इतका हिशेबानं उडतो आणि उमरेडच्या गवतात येऊन बसतो, यापुढे मला काही बोलायला सुचत नाही. रात्री आणि पहाटे ते आसपासच्या गव्हा-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकातही उतरतात. "शेंडे खाते, बाकी काही नाही," बाबाजी नंतर म्हणाले, पण ज्याचं शेत आहे त्याला ते तितकं सोपं वाटत नसणार.

चिखलाच्या पट्ट्यात शेकाट्ये, ठिपकेदार तुतवार, हिरव्या पायाचा एक टिलवा, पिवळे धोबी. चक्रवाकाच्या चार जोड्या, केशरी, उन्हात पेटल्यासारख्या. रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारणारी ती जोडी आपण कवितांतून ऐकलेली असते. इथे सकाळी दोघं एकाच चिखलावर, हातभर अंतरानं, शांत चरत होती. उथळ पाण्यात तलवार बदकं, भुवई बदकं, चक्रांग, आणि आपली इथलीच हळदी-कुंकू.

सगळ्यात जास्त वेळ मी थापट्या बदकांकडे बघितलं. सहा जण होते. एकामागे एक गोल फिरत होते, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीपाशी पाण्यात टेकलेली. पुढच्याच्या पायांनी तळ ढवळतो आणि वर आलेलं मागचा गाळून घेतो. चोच पुढे रुंद, लाटण्यानं चपटी केल्यासारखी, आणि कडांना कंगव्यासारखे बारीक दाते. स्कोपमधून त्या दातांमधून पाणी दोन्ही बाजूंनी निथळताना दिसत होतं. वीस मिनिटं ते चाक तसंच फिरत राहिलं. भाच्यानं वही मांडीवर ठेवली आणि लिहायचं विसरून गेला. मी त्याला आठवण केली नाही.

आठच्या सुमाराला पाळीवर एक गाडी येऊन थांबली. दोघं उतरले, मोठ्या लेन्स होत्या. त्यांनी ड्रोन वर सोडला. मी धावत निघाले, हात हलवले, पण तोवर तो गवताच्या पट्ट्यावर पोचला होता. एकशे चौसष्ट पक्षी एका क्षणात उठले. त्यांच्यामागे चक्रवाक, बदकं, शेकाट्ये, सगळा तलाव. आकाशभर आंग-आंग असा आवाज. त्या दोघांना चांगलं दृश्य मिळालं असणार. मी पोचल्यावर त्यांना सांगितलं, की हे मार्चमध्ये परत जाणार आहेत, त्या वाटेवर हिमालय आहे, आणि इथे खाल्लेल्या प्रत्येक शेंड्याची चरबी त्यांना तिथे लागणार आहे. ती तुम्ही आत्ता जाळलीत. माझा आवाज चढला होता. धाकट्यानं ड्रोन खाली घेतला. थोरला म्हणाला, ताई, आम्ही लोकेशन नेटवर बघून आलो. म्हणून मी या तलावाचं नाव लिहीत नाही. पारडगाव आणि सायकी या तलावांची नावं आता सगळ्यांना माहीत आहेत, ती लपवून उपयोग नाही. याचं अजून लपवता येतंय तोवर लपवेन.

पट्टकादंब चाळीस मिनिटं वर घिरट्या घालत राहिले. मग पाच-पाच, दहा-दहा करून उतरले, पण गवतावर नाही, लांब पाण्यात. तिथे खायला काही नव्हतं. मान वर करून बसून राहिले. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी मधून उडून गेला तरी बदकांची पुन्हा पळापळ; एकदा बिथरले की दिवसभर तसेच राहतात.

परत पाळीवर आलो. बाबाजींना तिळगूळ दिला, सांबारवडी सगळ्यांनी मिळून खाल्ली. त्यांनी सगळं बघितलं होतं. "ते मशीन दरवर्षी येते आता," एवढंच म्हणाले. मग मी त्यांना उरणची गोष्ट सांगितली, समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा उतरतं आणि दोनदा चढतं. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"दोनदा? मंग जाळं केव्हा टाकते तिथले लोक?"

मी सांगितलं, त्यांच्याकडे वेळापत्रक असतं. बाबाजी उठले, डोंग्यातून बांबूची एक हातभर कांब काढली आणि भाच्याच्या हातात दिली. "पाण्याच्या काठाले गाडून ये. हे तुमचं येळापत्रक." तो चिखलात पाय रुतवत गेला आणि नेमकी पाण्याच्या कडेला कांब ठोकून आला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. पट्टकादंब शंभरच्या आत आले होते, उरलेले गवतावर होते आणि त्या सकाळी ड्रोन नव्हता. भाचा आधी कांबीकडे गेला. तिथून पाण्यापर्यंत त्यानं पावलं मोजली, सत्तावीस भरली. कांबीभोवतीचा चिखल अजून ओला होता, आणि त्यात छोट्या चिखल्याच्या तीन बोटांच्या पावलांची रांग कांबीला वळसा घालून सरळ पाण्याकडे गेली होती.