चौदा अंथरुणे

काल दुपारी अंथरुणांच्या कपाटाचे डावे दार बिजागरीसकट माझ्या हातात आले आणि त्याच्या आधाराने इतकी वर्षे कोंबून बसवलेली एक वाकळ व दोन उशा थेट पायावर पडल्या. आवाज ऐकून सूनबाई धावत आली, दार भिंतीला टेकवून ठेवायला तिने हात लावला आणि मग आत डोकावून अगदी सहज विचारले, "आई, एवढी अंथरुणं कोणासाठी ठेवलीत?" प्रश्नात खोच नव्हती, तिचा तो स्वभावच नाही, हे मला मान्य करावे लागेल. तरीही रात्री दीड वाजेपर्यंत मी कूस बदलत राहिले आणि तो "कोणासाठी" कानातून जाईना.

पितृपंधरवडा चालू आहे, म्हणजे दसरा काढण्याचे हेच दिवस. घट बसण्याआधी घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात पडलेच पाहिजे, हा नेम मी माहेरातून घेऊन आले आहे; तेव्हा बैलगाडीतून वाकळांचे ढीग नदीवर जायचे आणि सगळा काठ रंगीबेरंगी होऊन जायचा. आता नदी नाही, गच्ची आहे, आणि वाकळ धुण्याच्या यंत्रात मावत नाही, ती पायांनी तुडवूनच धुवावी लागते. एका वाकळेला दहा-बारा बादल्या सहज लागतात. ज्या लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या गावात राहून चौदा-चौदा अंथरुणे धुवायची म्हणजे मलाच थोडी लाज वाटू लागली आहे. त्या उन्हाळ्यात तर आम्ही सगळे नुसते झटकून, उन्हात टाकून पुन्हा कपाटात ठेवले होते. तेव्हा हे काम कधीतरी करायचेच होते; दाराने फक्त मुहूर्त काढून दिला.

यांनी नेहमीप्रमाणे नवे कपाट घेऊ म्हटले आणि नेहमीप्रमाणे ते पेपर वाचायला निघून गेले. सूनबाईने मोबाईलवर कापडी पेट्या दाखवल्या, सहा नगांना अकराशे रुपये, वरून दिसावे म्हणून झाकणाला पारदर्शक खिडकी. मी सांगितले की वेल्डरचे दीडशे रुपये सोडले तर या कपाटावर एक पैसा खर्च करायचा नाही, आणि हे मी जरा जास्तच ठणकावून सांगितले.

आज सकाळी सगळे बाहेर काढून सतरंजीवर मांडले आणि मोजले. सोलापुरी चादरी नऊ, वाकळा पाच, उशा अकरा, उशांचे अभ्रे एकतीस, त्यांपैकी जोडीने असलेले फक्त आठ. टॉवेल सोळा, आणि त्यांतले सात अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच, कारण ते आहेराचे. आहेरातला टॉवेल अंग पुसण्यासाठी नसतो. तो या लग्नातून त्या लग्नात फिरण्यासाठी असतो. एका पिशवीवर कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेले आमच्या गावाचे नाव दिसले, अक्षर माझेच होते, आणि तो मी अक्कांच्या थोरल्याच्या लग्नात दिलेला होता हे चटकन आठवले. चार-पाच घरे हिंडून तो बिचारा माहेरी परत आला होता. त्या सातही टॉवेलांच्या पिशव्या मी आज फाडल्या. कोणाला राग येणार असेल तर येवो.

तळाच्या कप्प्यात दोन डबल बेडच्या चादरींना कसर लागलेली निघाली. गंमत अशी की ज्या साध्या धुऊन ठेवल्या होत्या त्या धडधाकट होत्या, आणि ज्यांना मी हौसेने खळ देऊन, कडक इस्त्री करून "चांगल्या" म्हणून बाजूला ठेवले होते त्यांनाच भोके पडली होती. कसरीला खळ आवडते, हे मला माहीत असायला हवे होते. त्या चादरींचे मधले धड कापड काढून शिंप्याकडे दिले. पंधरा रुपयाला एक याप्रमाणे तो सहा अभ्रे शिवून देणार आहे. (म्हणजे एक पैसाही नाही, हे व्रत दुपारपर्यंतच टिकले.) डांबरगोळ्या मात्र सगळ्या वेचून टाकून दिल्या. गेल्या महिन्यात नातवाने त्यातली एक पेपरमिंट समजून तोंडापर्यंत नेली होती आणि ते विष आहे. त्याऐवजी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला जुन्या धोतराच्या पुरचुंड्यांत बांधून प्रत्येक कप्प्यात ठेवला. पत्र्याच्या गंजाचे डाग चादरींना लागतात म्हणून खाली जुन्या कॅलेंडरची पाने अंथरली.

हात असे चालू होते आणि डोक्यात तेच. कोणासाठी?

पाहुण्यांसाठी, हे सरळ उत्तर मी कालच देऊ शकले असते. पण मागच्या वेळी आमच्याकडे मुक्कामाला कोण होते, हे आठवायला मला आज बराच वेळ लागला. एक काळ असा होता की बारावीच्या परीक्षेपासून ते डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत कोणत्याही कामासाठी लातूरला येणारे प्रत्येक नात्यातले माणूस आमच्याकडेच उतरायचे. भाऊजींचे दोघे इथेच शिकले. आता पोरे वसतिगृहात राहतात, आजारी माणसे सकाळी मोटारीने येतात आणि चहा घेऊन संध्याकाळी परत जातात, आणि राहण्याचा आग्रह केला की "कशाला त्रास" म्हणतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. आम्ही उलटे केले. पाय मोजून अंथरुणे केली आणि पाय आपापल्या घरी निघून गेले.

ती अंथरुणे केली कधी, हेही मला नेमके सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. आमच्या भिंतीला एक तडा गेला, एवढेच. पण किल्लारीकडची माळवदाची, दगडमातीची घरे माणसांसकट बसली, आणि पुढच्या चार दिवसांत आमच्या घरात तेवीस माणसे झाली. जे आले त्यांचीच मी मोजदाद केली होती. जे आले नाहीत त्यांच्याबद्दल अजून लिहवत नाही. घरात त्या वेळी सहा अंथरुणे होती. घरात झोपायची कोणाची छाती नव्हती, अंगणात झोपावे तर वरून पाऊस, आणि एका वाकळेखाली तीन-तीन लेकरे आडवी घालावी लागत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतः पाटावर बसून नेसूचे दुसरे पातळ पांघरत आणि झोप येत नाही म्हणून सांगत. घर पुन्हा स्थिरस्थावर झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितले, "भाकर कमी पडली तर अर्धी अर्धी खाता येती. अंथरूण अर्धं करून झोपता येत नाही." तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला सोलापूरची एक चादर, आणि दर दोन-तीन वर्षांनी जुन्या लुगड्यांची एक वाकळ, असा क्रम मी त्यांच्यामागेही चालू ठेवला.

हे सगळे सूनबाईला सांगावे म्हणून मी दुपारी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. तिचे कामाचे बोलणे चालू होते; तिने हाताने "दोन मिनिटं" अशी खूण केली. मी कप ठेवून परत आले, आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून मला उगीचच रडू आले. ज्यांच्यासाठी केले ते येत नाहीत, ज्यांना दाखवावे त्यांना वेळ नाही, आणि आपण मात्र पस्तीस वर्षे घड्या घालत बसलो, असे काहीतरी मनात आले. आता लिहिताना ते वाक्य मला फारच नाटकी वाटते आहे. कारण दोनच मिनिटांनी ती खरोखर बाहेर आली, तिने न सांगता अभ्र्यांच्या जोड्या लावल्या, आणि चादरीचा अख्खा संच त्याच्याच एका अभ्र्यात भरून ठेवायची युक्ती दाखवली, जी मला साठीला टेकेपर्यंत सुचली नव्हती. तिला १९९३ सांगायचे मात्र राहूनच गेले.

वेल्डर उद्या येतो म्हणाला आहे. तोवर औषधाच्या दुकानातून फुकट आणलेल्या तीन खोक्यांवर नातवाच्या खडूने नावे घालून ठेवली. इथून जवळच अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर, 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला. माझी झेप खोक्यावर "रोजचे" आणि "थंडीचे" लिहिण्यापुरतीच. तिसऱ्यावर आधी "पाहुणे" लिहिले. मग ते पुसून "जादा" लिहिले. संध्याकाळी दिवा लावताना ते "जादा" दिसले आणि नजरेला खुपले, म्हणून पुन्हा पुसून काहीच न लिहिता ठेवले आहे. चौदांपैकी आठ अंथरुणे राहिली. दोन वाकळा कामवाल्या मावशींनी नेल्या, चार विरलेल्या चादरींची धडुती झाली.

मदतीच्या ट्रकमधून त्या वेळी आलेले एक राखाडी ब्लँकेट या मोजदादीत मी धरलेच नाही. ते अंथरूण नव्हे, आणि तेव्हा ते आमच्या वाट्याचेही नव्हते. ज्यांच्या वाट्याचे होते त्यांनी जाताना घडी करून मागे ठेवले. ते कुठल्याच खोक्यात बसत नाही. आत्ता पंखा दोनवर आहे, उकडते आहे, आणि तरी मी ते मांडीवर घेऊन लिहीत बसले आहे. फार टोचते. तेव्हाही टोचत असणारच, पण त्या तेवीस जणांत तसे म्हणाला तो एकटा भाऊजींचा धाकटा, आणि त्याला मी रागे भरले होते.